हिरड्याचा पत्ता

‘वाळलेली फळे स्थानिक बाजारातून खरेदी केली.’ हिरड्याच्या रसायनावरचे पीएच.डी.चे प्रबंध वाचताना हे वाक्य मला इतक्यांदा भेटलं, की पुढे पुढे ते वहीत उतरवून घेणं मी सोडून दिलं. ते इंग्रजीत असतं, कर्मणी प्रयोगात असतं आणि बहुधा ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणाच्या पहिल्याच परिच्छेदात असतं. कोणता बाजार, कोणता महिना, बाळहिरडा की सुरवारी, झाड कुठल्या डोंगरावरचं, यातलं काही नाही. आणि मग पुढे पन्नास-साठ पानं अशी येतात, की त्यांत त्याच फळातल्या एकेका रेणूतल्या एकेका हायड्रोजनचा ठावठिकाणा दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत दिलेला असतो.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. माझा मूळ नाद जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांचा. पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात फिरणाऱ्या माणसाला हिरडा टाळता येत नाही. हातवीज, दुर्गावाडी, घाटघर, इकडे आहुपे, तिरपाड. उन्हाळ्यात जाल तिथे अंगणात बाळहिरडा वाळत पडलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमानंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर येऊ लागले आणि घरबसल्या ते वाचता येऊ लागले. वर्णपट वाचायला मी त्या प्रबंधांतूनच शिकलो. तेव्हा ही तक्रार तज्ज्ञाची नाही, वाचकाची आहे.

ज्या तंत्रावर हे प्रबंध उभे असतात त्याचं नाव अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, बोलीभाषेत एनएमआर. दवाखान्यातल्या एमआरआयचं हे सख्खं भावंड. हायड्रोजनचं केंद्रक एखाद्या चिमुकल्या लोहचुंबकासारखं वागतं. त्याला जबर चुंबकीय क्षेत्रात ठेवलं आणि रेडिओलहरीचा टोला दिला, की ते एका ठरावीक वारंवारतेवर प्रतिसाद देतं. क्षेत्र किती जबर? ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात ११.७ टेस्ला, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ तीन लाख पट. आता गंमत अशी, की सगळे हायड्रोजन सारखेच असूनही उत्तर मात्र एकाच सुरात देत नाहीत. भोवतालचे इलेक्ट्रॉन केंद्रकावर थोडी सावली धरतात. ज्याच्यावर सावली दाट त्याचा सूर एका बाजूला, विरळ त्याचा दुसऱ्या बाजूला. हा फरक दहा लाखांत एक या हिशेबात मोजतात आणि त्याला केमिकल शिफ्ट म्हणतात. म्हणजे केमिकल शिफ्ट हा त्या हायड्रोजनचा पत्ताच: कोणत्या अणूला चिकटलाय, शेजारी कोण आहे, दारात सावली किती.

हा पत्ता पहिल्यांदा स्वच्छ वाचला गेला १९५१ साली, स्टॅनफर्डमध्ये. फेलिक्स ब्लॉख यांचा पीएच.डी.चा विद्यार्थी जेम्स अर्नोल्ड, भारतातून गेलेले एस. एस. धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड यांनी साध्या इथाइल अल्कोहोलचा वर्णपट घेतला. एका शिखराऐवजी तीन शिखरं निघाली; त्यांची क्षेत्रफळं एकास दोनास तीन. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन आहेत तेही असेच, एक, दोन आणि तीन. निबंध अगदी आटोपशीर. आजचे प्रबंध तेवढी जागा आभारांना देतात. धर्मट्टी पुढे मुंबईला आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभारला. आपल्याकडच्या या विद्येची वंशावळ अशी थेट पहिल्या घराण्याला जाऊन भिडते, हे मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही.

त्याच १९५१ साली अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, हार्वर्डमध्ये, एडवर्ड पर्सेल यांचा विद्यार्थी हॅरल्ड इवेन पीएच.डी.साठी आकाशातला हायड्रोजन ऐकत होता. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढलेल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनातून त्याला २१ सेंटिमीटर लांबीची लहर सापडली. पर्सेल आणि ब्लॉख यांना पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं ते एनएमआरसाठी. या दोन घटना भौतिकीच्या दृष्टीनं अगदी एकच नव्हेत, पण दोन्हीकडे बोलतो तो हायड्रोजनचा चुंबकी स्वभावच. आणि त्या २१ सेंटिमीटरच्या लहरीचा माग काढणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आमच्या नारायणगावजवळ खोडदला उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीच्या एकूण तीस तबकड्या. अंतराळात दूर गेल्यामुळे ताणली गेलेली हीच लहर टिपणं हा ती दुर्बीण बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता.

खोडदला इतकं लांब वळण घेऊन गेलो त्याला कारण आहे. त्या दुर्बिणीवर केलेल्या प्रबंधात ज्या दीर्घिकेचा हायड्रोजन मोजला तिचं आकाशातलं स्थान अंश-कला-विकलांसह दिलेलं असतं. ‘स्थानिक आकाशातून एक दीर्घिका घेतली’ असं कुणी लिहिलं तर मार्गदर्शक प्रबंध उघडणारसुद्धा नाही. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या हायड्रोजनला पत्ता आहे आणि खोडदपासून मोटारीनं दोन-तीन तासांवर असलेल्या झाडाच्या हायड्रोजनला नाही.

जीवशास्त्रातले एनएमआरचे चांगले प्रबंधही याबाबतीत काटेकोर असतात. टाटा संस्थेत रामकृष्ण होसूर यांच्या गटानं २००१च्या सुमारास घडी न पडलेल्या प्रथिनांचे पत्ते भराभर लावण्याची एक रीत बसवली. अशा कामात प्रथिन जीवाणूकडून बनवून घेतात आणि त्या जीवाणूला खायला नायट्रोजन द्यायचा तो १५ वस्तुमानाचा, कार्बन द्यायचा तो १३ वस्तुमानाचा. लिटरमागे किती ग्रॅम ग्लुकोज दिलं तेही लिहायचं. म्हणजे प्रथिनातला अणू न् अणू कुठून आला ते लेखकाला ठाऊक असतं, कारण त्यानंच तो भरवलेला असतो.

हिरड्याच्या प्रबंधांत असं काहीच नसतं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. त्यांतला रेणूचा भाग वाचताना मी अनेकदा रंगून गेलो आहे. हिरड्याचा तुरटपणा ज्या टॅनिनांमुळे येतो त्यांतली प्रमुख दोन म्हणजे चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक आम्ल. दोन्हींच्या मध्यभागी ग्लुकोज. नेहमीच्या ग्लुकोजचं कडं खुर्चीसारखं बसतं आणि त्यात शेजारशेजारचे हायड्रोजन एकमेकांशी असे उभे असतात, की त्यांच्या शिखरांत आठ-नऊ हर्ट्झची फट पडते. चेब्युलॅजिक आम्लात ही फट बरीच आकसते. का? तर ग्लुकोजच्या दोन टोकांना पूल बांधून बसलेली आम्लं त्या खुर्चीला ओढून उलटी-तिरकी करतात. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या कड्याचं पिळवटणं काही हर्ट्झच्या फटीवरून ओळखायचं, ही बुद्धी खरोखर वाखाणण्यासारखी. झिजलेल्या ब्राह्मी लेखात शेजारच्या अक्षरावरून मधलं अक्षर लावतात, तसंच हे.

यावर रसायनशास्त्रज्ञ म्हणेल, आणि म्हणतातही, की शुद्ध चेब्युलॅजिक आम्ल आहुप्याचं काय अन् हिमाचलचं काय, सारखंच. मग गावाचं नाव कशाला? रेणूच्या रचनेपुरतं हे म्हणणं बिनतोड आहे. पण बहुतेक प्रबंध रचनेवर थांबत नाहीत. ते अर्क काढतात, त्यात काय किती आहे ते सांगतात, तो अर्क जंतूंवर, पेशींवर, उंदरांवर वापरून बघतात. तिथे फळ केव्हाचं, कुठलं हा प्रश्न मूळ प्रश्न होतो. फळ पिकत जातं तसं टॅनिनांचं प्रमाण बदलतं. बाळहिरडा म्हणजे आत बी धरायच्या आधीचं फळ, सुरवारी म्हणजे पूर्ण भरलेलं; बाजारात दोघांना भावसुद्धा वेगळा. ‘वाळलेली फळे’ म्हणून दोन्हींना एका पिशवीत घातलं, की पुढच्या सगळ्या आकड्यांखालची जमीनच सरकते. कुणी दुसऱ्यानं तो प्रयोग पुन्हा करायचा म्हटला तर करायचा कशावर?

विरोधाभास असा, की याच प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात भावप्रकाशातले हरीतकीचे सात प्रकार आवर्जून दिलेले असतात. विजया विंध्यातली, जीवंती सौराष्ट्रातली. जुन्या वैद्यानं प्रकाराला प्रदेश जोडला होता. आजचा विद्यार्थी तो श्रद्धेनं उतरवतो आणि दोन प्रकरणं उलटली की विसरतो. काही ठिकाणी वनस्पती ओळखल्याचा दाखला जोडलेला असतो. तो जात सांगतो, गाव नाही.

त्यातून ज्या तंत्राला इथे पत्ता नको झालाय, ते तंत्र स्वतः पत्ता शोधण्यात पटाईत आहे. फ्रान्समध्ये नाँत इथे जेरार मार्तां यांनी १९८०च्या दशकात वाइनच्या अल्कोहोलमधला जड हायड्रोजन एनएमआरनं मोजून, त्यात बीटची किंवा उसाची साखर मिसळली आहे का हे ओळखण्याची पद्धत काढली. युरोपनं ती अधिकृत केली. आपल्याकडे २०२०मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी एनएमआर चाचणी सक्तीची झाली, आणि त्याच वर्षाअखेर ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’नं तेरा ब्रँडचा मध जर्मनीत तपासून घेतला तेव्हा त्या चाचणीत तीनच टिकले. माल परदेशी निघाला की पत्ता लागतो.

या गळलेल्या नावाची किंमत कोण मोजतं? एप्रिल-मेच्या उन्हात पुरुष झाडावर चढतात, फांद्या झोडतात; बाया-पोरं वेचतात, वाळवतात. महादेव कोळ्यांच्या कित्येक घरांत पावसाळ्यापूर्वी हाताला लागणारा रोख पैसा एवढाच. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात इथली हिरड्याची झाडं मोडली, फळ गेलं, तेव्हा भरपाईसाठी किसान सभेच्या झेंड्याखाली लोकांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. हिरडा कुठे, किती आणि कुणाचा हे कागदावर असण्याचं मोल तेव्हा कळलं. २००२च्या जैवविविधता कायद्यात गावानं आपली नोंदवही ठेवावी आणि जैविक संपत्तीतून व्यापारी लाभ झाला तर त्याचा वाटा तिथल्या लोकांना मिळावा, अशी तरतूद आहे. पण उद्या एखाद्या अर्कातून औषध निघालं, तर वाटा मागायचा कुणी? ‘स्थानिक बाजार’ नावाची ग्रामपंचायत कुठेच नाही.

जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. एका लेखात शेतांचं दान आहे, करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी. देणाऱ्याचं नाव आहे, गावांची नावं आहेत, जमिनीचं माप निवर्तनांत आहे, आणि व्यवस्था कोणत्या श्रेणीकडे सोपवली तेही आहे. दगडात एकेक अक्षर छिन्नीनं खोदायचं. जागा मोजकी, मेहनत अफाट. तरी झाडाचं गाव त्यांनी गाळलं नाही. तीनशे पानांच्या प्रबंधात ती एक ओळ बसत नाही याचं कारण जागा नव्हे.

मला वाटतं कारण मार्गदर्शकांच्या सवयीत आहे. विद्यार्थी बऱ्याचदा यंत्रही पाहत नाही. नमुना कुरियरनं मोठ्या संस्थेत जातो आणि वर्णपट ईमेलनं येतो. फळ दुकानातून, वर्णपट टपालातून. मधे उरतं ते लिहिणं, आणि लिहिण्याचा साचा मागच्या प्रबंधातून तयार मिळतो. परीक्षकानं तोंडी परीक्षेत ‘हिरडा कुठला?’ एवढंच विचारायला लागावं, दोन वर्षांत तिसरी प्रकरणं बदलतील.

गेल्या उन्हाळ्यात जुन्नरच्या बाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर बसलो होतो. पश्चिमेकडून आलेल्या एका बाईनं पोतं टेकवलं. त्यानं मूठभर हिरडा हातात घेतला, एक दाणा दातांत फोडला आणि भाव बोलायच्या आधी विचारलं, “मावशे, कुठला माल?” तिनं गावाचं नाव सांगितलं. त्यानं ते वजनाच्या चिठ्ठीवर लिहिलं, आणि त्यापुढे तारीख.