तबकडी म्हणजे मैफल नव्हे: केसरबाई, ग्लेन गूल्ड आणि आपला पुरावा

१९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर एकेक सोनेरी तबकडी आहे. तिच्यावरच्या सुमारे ९० मिनिटांच्या संगीतात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच तबकडीवर टोरांटोच्या ग्लेन गूल्डने पियानोवर वाजवलेला बाखही आहे, पावणेपाच मिनिटांचा. गंमत अशी की ध्वनिमुद्रणाकडे बघण्याची दोघांची नजर अगदी उलटी होती. रेकॉर्डिंगवर काम करायचं ठरवलेल्या प्रत्येकाने ही दोन्ही नावं एकदा शेजारी ठेवून बघावीत.

आधी गूल्ड. जन्म १९३२. १९५५ साली त्याने बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' मुद्रित केली आणि जगभर नाव झालं. मैफलीचा पियानोवादक म्हणून सगळं उत्तम चाललेलं असताना १९६४ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी, त्याने रंगमंच कायमचा सोडला. पुढे १९८२ मध्ये वारेपर्यंत तो स्टुडिओतच वाजवत राहिला. १९६६ च्या एका लेखात त्याने सरळ सांगून टाकलं, की बाखची एक फ्यूग त्याने दोन वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडून तयार केली होती. म्हणजे आपण जे ऐकतो ते वादन त्या रूपात कुठल्याही एका क्षणी झालेलंच नाही! काहींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. जोड कुठे आणि का दिला हे कलाकार स्वतः सांगतोय. ते न वाचता वेळ मोजायला बसलो, तर चूक आपली.

आता केसरबाई. जन्म १८९२. अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, भास्करबुवा बखले अशा गुरूंकडे थोडं थोडं शिकून झाल्यावर १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली, ती कित्येक वर्षं चालली. बाईंचं राज्य मैफलीत. ७८ च्या तबकड्या निघाल्या, पण त्यांच्या लौकिकाच्या मानाने मोजक्याच. आपली गायकी कुणी उचलू नये म्हणून त्या रेकॉर्डिंगला नाखूश असत, असं सांगितलं जातं. शिष्यही फारसे केले नाहीत. धोंडूताई कुलकर्णी हे त्यातलं ठळक नाव. गूल्डने रंगमंच सोडला त्याच सुमारास बाईंनीही जाहीर गाणं थांबवलं. पण गूल्डच्या हाती स्टुडिओ होता. बाईंच्या बाबतीत मैफल थांबली म्हणजे सगळंच थांबलं.

इथे मी स्वतः कशी आपटले ते सांगते. पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात मी ७८ च्या तबकड्या घेतल्या, आलाप किती वेळ चालतो आणि पहिली तान कधी येते ते स्टॉपवॉच लावून टिपलं, छान तक्ता केला आणि 'या गायकीत विस्तार आटोपशीर असतो' असा निष्कर्ष ठोकून दिला. गाइडनी समासात एकच प्रश्न लिहिला: "आटोपशीर कोण? बाई की तबकडी?" एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत होती. मी घराणं मोजतच नव्हते, लाखेच्या तबकडीची जागा मोजत होते. दोन महिन्यांचं काम गेलं.

आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने आहेत. गिऱ्हाइकाला आधी नमुन्याचा तुकडा दाखवतात. त्यावरून वीण कळते, सुताची जात कळते. अख्ख्या मालाला रंग सारखा बसलाय का, हे मात्र त्या तुकड्यावरून कळत नाही. तुकडा खोटा नसतो. त्याला काय विचारायचं ते आपल्याला कळलं पाहिजे.

मग त्या भैरवीला काय विचारता येईल? आवाजाचा लगाव, खुला आकार, श्वासाची ताकद, स्वरावरून स्वरावर जाण्याची रीत: हे साडेतीन मिनिटांतही लख्ख ऐकू येतं. राग उलगडायला बाई मैफलीत किती वेळ घेत, हे तिथून कळणार नाही. शिवाय भैरवी हा रूढीने मैफल संपवण्याचा राग. अनवट रागांसाठी नावाजलेल्या गायिकेच्या मैफलीचा शेवट तेवढा अवकाशात गेला, आणि जग बहुधा त्यावरूनच त्यांना ओळखतं. यान सुटल्याचं कौतुक करताना हे विसरायला नको.

पद्धतीच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, तुलनेचं एकक. गूल्डने १९८१ मध्ये 'गोल्डबर्ग' पुन्हा मुद्रित केली. पहिली सुमारे ३८ मिनिटांची, दुसरी ५१. 'वयाबरोबर लय उतरली' असं लगेच लिहू नका. १९५५ मध्ये त्याने पुनरावृत्ती गाळल्या होत्या, १९८१ मध्ये त्यातल्या काही वाजवल्या. मग तुलना कशाची करायची? सुरुवातीच्या आरियाची, कारण ती दोन्हीकडे पुनरावृत्तीशिवाय आहे. ती दोन मिनिटांच्या आतून तीन मिनिटांच्या पुढे गेली. लय खरंच उतरली होती, पण आता ते म्हणायला आधार आहे.

दुसरी, फिरण्याचा वेग. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० ने फिरवून डिजिटल केली, तर लय अडीच टक्क्यांनी वाढते आणि स्वर सुमारे ४४ सेंटने चढतो. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं; त्याच्या जवळपास निम्मं! नेटवरची फाइल उतरवून थेट 'बाईंची पट्टी' ठरवणाऱ्यांनी इथे थांबावं.

व्हॉयेजर १ चं उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ चं. केसरबाई वारल्या १६ सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. ज्या बाईंना तबकडीचं फारसं प्रेम नव्हतं, त्यांची तबकडीच सगळ्यात लांब गेली. आपल्या हाती काय उरलंय, हे पुष्कळदा कलाकार ठरवत नाही. सिनॉप्सिसमध्ये 'साधने' हा भाग लिहाल तेव्हा यादीतल्या प्रत्येक रेकॉर्डिंगपुढे एक ओळ जरूर लिहा: हे कशासाठी झालं, कशात मावलं, आणि माझ्यापर्यंत कसं आलं.