'नेन'ची चिन्हव्यवस्था आणि वाचकांचे अन्वयार्थ

अद्भुतकथेचा विचार करताना त्स्वेतान तोदोरोव्ह याने १९७० साली एक अट घातली होती. कथेतील अलौकिक घटना वाचकाने शब्दशः स्वीकारली पाहिजे. ती दुसऱ्याच कशाचे तरी रूपक आहे असे ठरवून वाचन सुरू केले की अद्भुत नाहीसे होते आणि हाती उरते ती केवळ रूपककथा. जपानी चित्रकथामालिकांच्या, म्हणजे 'मांगा'च्या, चाहत्यांनी ही अट सरसकट मोडीत काढलेली दिसते. नायकाला प्राप्त होणारी शक्ती, तिचे प्रकार, तिची नावे, तिच्या आकृत्या यांमागे लेखकाने एखादी प्रतीकयोजना दडवून ठेवली आहे, असे गृहीत धरून हे वाचक उपपत्तींमागून उपपत्ती रचत असतात. हा उद्योग पोरकट म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु संहितेचा अर्थ नेमका कोठे असतो, हा समीक्षेचा जुनाच प्रश्न तेथे फार उघड्या स्वरूपात उभा राहतो, आणि म्हणून त्याकडे गांभीर्याने पाहावयास हवे.

योशिहिरो तोगाशी यांची 'हंटर × हंटर' (मधल्या फुलीचा उच्चार करावयाचा नसतो) ही मालिका या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. ती १९९८ साली 'शूकान शोनेन जम्प' या साप्ताहिकात सुरू झाली. गोन नावाचा मुलगा आपल्याला टाकून गेलेल्या पित्याच्या शोधात निघतो, येथून कथेला आरंभ होतो. आणि काही खंड लोटल्यावर त्याला 'नेन' या विद्येची ओळख होते. देहातून अखंड स्रवणारे प्राणतेज ताब्यात ठेवण्याची आणि इच्छेनुसार वापरण्याची ही विद्या. तिचे सहा प्रकार सांगितले आहेत: असलेल्या गोष्टीचे बळ वाढविणारे संवर्धन, तेजाचा गुणधर्म पालटणारे रूपांतरण, तेजातून वस्तू घडविणारे मूर्तीकरण, ते देहापासून दूर सोडणारे उत्सर्जन, दुसऱ्यावर ताबा मिळविणारे नियंत्रण, आणि यांपैकी कशातच न बसणारा 'विशेष' प्रकार. हे सहा प्रकार षट्कोणाच्या सहा कोनांवर मांडलेले आहेत. स्वतःचा प्रकार शंभर टक्के साधतो, शेजारचा ८०, त्यापलीकडचा ६०, समोरचा ४०. 'विशेष' मात्र मुळातच असावा लागतो. व्यक्तीचा प्रकार ओळखण्यासाठी पेल्यातील पाण्यावर पान ठेवून दोन्ही हात जवळ न्यायचे: पाणी उतू गेले तर संवर्धन, चव बदलली तर रूपांतरण, रंग बदलला तर उत्सर्जन, पान हलले तर नियंत्रण. इतका हिशेबी तपशील समोर असता वाचकाला त्यात संकेत दिसू लागावेत, यात नवल नाही. सहा या संख्येवरून बौद्धांच्या षड्गतींपर्यंत जाण्याचा मोह होतो. पूर्वेकडील पंचतत्त्वांशी सांगड घालावी, तर सहावा कोन आडवा येतो.

या उपपत्तींमध्ये सर्वांत लोकप्रिय ठरलेली उपपत्ती नावाविषयीची आहे. 'नेन' हे ज्या चित्रलिपीतील अक्षराने लिहितात त्याचा वरचा भाग 'आता' या अर्थाचा, तर खालचा 'हृदय' या अर्थाचा आहे. तेव्हा 'नेन' म्हणजे वर्तमानात स्थिर झालेले चित्त, आणि सबंध मालिका म्हणजे त्या चित्ताच्या साधनेचे प्रतीक, असा हा युक्तिवाद. तो आकर्षक आहे. पण त्याचे स्वरूप लौकिक व्युत्पत्तीचे आहे. चीनमधील प्राचीन 'श्वोवन' कोशातच या अक्षराचा वरचा भाग ध्वनिदर्शक म्हणून नोंदविला आहे. अर्थ सांगण्याचे काम फक्त खालचे 'हृदय' करते. उत्साही वाचकाच्या हाती दोन तुकडे आले की त्यांची बेरीज करण्याचा आवेग त्याला आवरत नाही, ही गोष्ट आपल्याकडील शब्दांच्या स्वैर फोडी पाहिलेल्यांना परिचित असेल.

गंमत अशी की या अक्षराचा खरा इतिहास त्या उपपत्तीपेक्षा अधिक बोलका आहे. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत 'स्मृती' या संस्कृत शब्दासाठी हेच अक्षर योजलेले आहे. अष्टांगिक मार्गातील 'सम्यक् स्मृती' याच अक्षराने लिहितात, आणि बुद्धाच्या नामस्मरणाला जपानीत 'नेंबुत्सु' म्हणतात. दुसरीकडे रोजच्या जपानीत 'ओन्नेन' म्हणजे मनात धरून ठेवलेला डूख. म्हणजे एकाच अक्षरात साधकाचे स्मरण आणि सूडाची धग ही दोन्ही नांदतात. तोगाशींच्या कथेत मृत्यूनंतर एखाद्याचे 'नेन' नष्ट न होता अधिक तीव्र होऊ शकते, ही कल्पना या दुसऱ्या छटेशी जुळणारी आहे. पाकुनोदा या पात्राची शक्ती तर स्मृतीचीच: स्पर्शाने दुसऱ्याच्या आठवणी काढून घ्यायच्या आणि पिस्तुलातील गोळीप्रमाणे तिसऱ्याच्या मनात उतरवायच्या. बोलल्यास मरण येईल अशी साखळी हृदयाभोवती असताना ती आपल्या सहकाऱ्यांना आपल्या आठवणी देते आणि कोसळते. येथे 'नेन' आणि स्मृती यांचे नाते सिद्ध करण्यासाठी अक्षराची फोड करावी लागत नाही. ते नाते प्रसंगातच घडते.

नावातून अर्थ काढण्याच्या या सवयीला संहितेनेही एक चिमटा काढून ठेवला आहे. गोन आणि त्याचा मित्र किलुआ यांना विंग हा गुरू प्रथम जी शिकवण देतो, ती खोटी असते. 'तेन', 'झेत्सु', 'रेन', 'हात्सु' या चार पायऱ्या तो मनोनिग्रहाच्या म्हणून सांगतो आणि त्यांच्या समूहाला 'ज्वाला' या अर्थाचे, पण 'नेन' असेच उच्चारले जाणारे, नाव देतो. किलुआला संशय येतो. पुढे खरी विद्या उघड होते तेव्हा ध्वनी तेच राहतात. बदलतात ती अक्षरे आणि त्यांबरोबर अर्थ: गुंडाळणे, तोडणे, घोटणे, सोडणे. आपल्याकडे श्लेष एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभा असतो; येथे तो एका उच्चाराच्या दोन लेखनांवर उभा आहे. नावाचा अर्थ उकलला म्हणजे विद्या हाती आली, असे मानणाऱ्या दोन मुलांची फसगत ज्या कथेत दाखविली आहे, त्याच कथेचे वाचक पुन्हा नावेच उकलीत बसतात.

यापेक्षाही लक्षणीय उदाहरण हिसोकाच्या स्वभावशास्त्राचे आहे. संवर्धन प्रकारातील माणूस सरळ आणि हट्टी, रूपांतरणाचा लहरी आणि खोटे बोलणारा, उत्सर्जनाचा उतावळा, मूर्तीकरणाचा काटेकोर आणि चिडखोर, अशी वर्गवारी हिसोका करतो. चाहत्यांनी या वर्गवारीवर फार मोठा इमला उभारला आहे. प्रत्येक पात्र, किंबहुना प्रत्येक वाचकही, या सहा कप्प्यांत बसविला जातो आणि षट्कोण हा मनुष्यस्वभावाचा नकाशा ठरतो. तथापि ही वर्गवारी सांगताना हिसोका स्वतःच कबूल करतो की तिला काहीही आधार नाही. रक्तगटावरून स्वभाव सांगण्याचा जो प्रकार जपानमध्ये १९७०च्या दशकापासून लोकप्रिय झाला, त्याच जातीची ही त्याची खासगी करमणूक आहे. शिवाय हे सांगणारा हिसोका रूपांतरण प्रकारातील, म्हणजे त्याच्याच म्हणण्यानुसार खोटे बोलणारा. विधान खरे मानावे तर वक्त्यावर विश्वास ठेवता येत नाही, आणि वक्त्यावर विश्वास ठेवावा तर विधान डळमळते. संहितेतील एका पात्राने केलेले वाचन संहितेचा नियम म्हणून स्वीकारणे, ही चूक कादंबरीच्या निवेदनाचा अभ्यास करणारा विद्यार्थीही टाळतो.

मग या साऱ्या उपपत्ती निरर्थक ठरवाव्यात काय? तोदोरोव्हच्या अटीप्रमाणे तसेच करावे लागेल. त्याच्यापुढे पर्याय दोनच आहेत: शब्दशः घ्या, किंवा रूपक म्हणून घ्या. आनंदवर्धनाने केलेला ध्वनीचा भेद येथे अधिक उपयोगी पडतो. 'अविवक्षितवाच्य' ध्वनीत वाच्यार्थ अभिप्रेतच नसतो. तो बाजूला सारावा किंवा पालटावा लागतो, तेव्हाच दुसरा अर्थ दिसतो. 'विवक्षितान्यपरवाच्य' ध्वनीत मात्र वाच्यार्थ अभिप्रेत असतो, टिकून राहतो आणि टिकूनच आपल्यापलीकडच्या अर्थाकडे नेतो. चाहत्यांच्या बहुतेक उपपत्ती 'नेन'ला पहिल्या प्रकारात घालतात. षट्कोण म्हणजे खरे तर अमुक, अक्षर म्हणजे खरे तर तमुक. 'खरे तर' हा शब्द आला की वाच्यार्थाची किंमत शून्य होते. 'हंटर × हंटर'मधील शक्तीची योजना दुसऱ्या प्रकारची आहे, आणि ज्या थोड्या उपपत्ती खरोखर मोलाच्या आहेत त्या नियमाला कूट न मानता नियमच मानतात.

हा नियम म्हणजे 'सेइयाकु तो सेइयाकु': बंधन आणि प्रतिज्ञा. पुन्हा एक श्लेष, दोन्ही शब्दांचा उच्चार एकच. आपल्या शक्तीवर माणूस स्वतःच एखादे बंधन घालतो आणि ते पाळण्याची प्रतिज्ञा करतो. बंधन जितके कठोर, तितकी शक्ती मोठी. कुरापिकाच्या कुळाचा संहार 'मायाजाल-मंडळी' नावाच्या टोळीने केलेला असतो. तो अशी साखळी घडवितो की जिच्यापुढे त्या टोळीतील कोणाचेही 'नेन' चालू नये. अट एवढीच की ती टोळीबाहेरच्या कोणावर वापरली तर त्याचे स्वतःचे हृदय थांबेल. या प्रसंगाचे प्रतीक शोधावयास बाहेर जावे लागत नाही. सूड माणसाला समर्थ करतो आणि त्याच क्षणी त्याचे जग एवढे आखडते की टोळीच्या तेरा जणांखेरीज कोणाही बाबतीत त्याच्या सामर्थ्याला अर्थ उरत नाही, हा आशय नियमाच्या शब्दशः अर्थातूनच फुटतो. साखळी हे सूडाचे रूपक आहे असे म्हटले की हा आशय सपाट होतो. साखळी ही साखळीच आहे, तिचे एक टोक कुरापिकाच्या हृदयात आहे, असे वाचले तर तो टिकतो.

गोनच्या बाबतीत हेच अधिक भीषण रूपात घडते. गुरुस्थानी असलेल्या काइटला मारणाऱ्या नेफेर्पितोपुढे उभे असताना तो यापुढच्या सगळ्या आयुष्यातील सामर्थ्य एका क्षणात मागून घेतो. मुलाचा देह वाढून प्रौढ होतो, शत्रू मरतो, आणि मागे उरतो तो वाळून गेलेला, मरणोन्मुख देह. संवर्धनाचा माणूस सरळ असतो, या हिसोकाच्या वाक्यावर पोसलेल्या वाचकांपैकी काहींनी येथे एक सूक्ष्म निरीक्षण केले आहे: शोनेन मांगा ज्या एकमार्गी निर्धाराचा गौरव करीत आला, तोच निर्धार येथे आत्मघाताचे रूप घेतो. या वाचनात हिसोकाची वर्गवारी पुरावा म्हणून येत नाही. ती प्रश्न म्हणून येते. म्हणूनच ते वाचन पटते.

नेतेरोचा प्रसंग या दोन्ही पद्धतींना जोडून पाहता येतो. छेचाळिसाव्या वर्षी आपल्या मर्यादा उमगून तो डोंगरावर जातो आणि कृतज्ञता म्हणून रोज दहा हजार वेळा हात जोडून मुठीचा प्रहार करतो. आरंभी या क्रमाला १८ तासांहून अधिक लागतात. पन्नाशी ओलांडल्यावर तासही लागत नाही, आणि उरलेला वेळ प्रार्थनेत जातो. या साधनेतून प्रकटते ती अनेक हातांची कान्नोनची मूर्ती. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या लेण्यांत अकरा मुखांनी कोरलेला आणि अजिंठ्याच्या भिंतींवर संकटग्रस्तांकडे वळलेला तोच करुणेचा बोधिसत्त्व येथे मुंग्यांच्या राजावर, मेरुएमवर, घाव घालतो. करुणेच्या देवतेचे हे शस्त्र झालेले रूप म्हणजे विडंबन आहे काय? चाहते बहुधा त्यापुढच्या घटनेकडे धावतात: नेतेरोचा पराभव होतो, तो आपले हृदय थांबवितो आणि देहात ठेवलेला 'गुलाब' नावाचा बाँब फुटतो, त्याच्या विषाने मेरुएम पुढे मरतो. हिरोशिमा आणि नागासाकी यांचा उल्लेख येथे अटळ आहे, आणि तो योग्यही आहे, कारण स्वस्तात माणसे मारणारे हुकूमशहांचे आवडते शस्त्र असेच त्याचे वर्णन कथेत आलेले आहे. पण या सूचनेची धार साठ वर्षांच्या प्रार्थनेपुढे ठेवली तरच लागते. 'नेन'चे सगळे नियम, सगळी साधना, सगळे हिशेब ज्याला लागू नाहीत, असे एक यंत्र त्या प्रार्थना करणाऱ्याच्याच छातीत बसविलेले आहे. षट्कोणात बाँबला जागा नाही. शक्तीच्या व्यवस्थेचा अर्थ तिच्या कोनांपेक्षा तिच्या बाहेर ठेवलेल्या या वस्तूमुळे अधिक स्पष्ट होतो, आणि हे बहुतेक प्रतीकवाद्यांच्या नजरेतून निसटले आहे.

इतक्या उपपत्ती का उगवतात, याचे एक कारण प्रकाशनाच्या रीतीत आहे. वोल्फगांग इझर याने क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना, दोन हप्त्यांमधील रिक्त जागा वाचक आपल्या कल्पनेने भरतो, असे दाखविले होते. डिकन्सच्या वाचकाला ती जागा काही आठवडे मिळत असे. तोगाशींच्या वाचकांना नोव्हेंबर २०१८ ते ऑक्टोबर २०२२ अशी जवळजवळ चार वर्षे मिळाली. एवढ्या मोठ्या पोकळीत नियमांची यादी हीच एकमेव वाचनसामग्री उरते, आणि यादी फार काळ पाहत राहिले की ती संकेतलिपी वाटू लागते. अशा वाचनात लेखकाच्या पूर्वयोजनेवरचा विश्वास अवाजवी वाढतो. साप्ताहिकाच्या घाईत रचलेल्या कथेत पुष्कळसे नियम मागाहून सुचलेले असणार, ही शक्यता या उपपत्तींच्या हिशेबात येत नाही. मात्र नियम मागाहून सुचला म्हणून तो अर्थशून्य ठरत नाही, हेही तितकेच खरे.

अलीकडच्या प्रकरणांत कुरापिकाच्या 'सम्राटकाल' या शक्तीची किंमत उघड झाली आहे: डोळे लाल झाले की तो सहाही प्रकारांवर पूर्ण प्रभुत्व मिळवितो, आणि त्या अवस्थेतील प्रत्येक सेकंदाला आयुष्यातील एक तास जातो. तासभराच्या वापराला १५० दिवस. ही किंमत कळल्यापासून काही वाचकांनी प्रतीकांचा नाद सोडून साधी बेरीज सुरू केली आहे. कोणत्या प्रसंगी डोळे किती वेळ लाल होते, त्यात किती वर्षे गेली, आता किती उरली असतील, हे ते पानापानावरून मोजतात. आणि मोजताना आधीच वाचलेले प्रसंग त्यांना निराळे दिसू लागतात, कारण त्या वेळी विजय वाटलेल्या प्रत्येक ठिकाणी आता एक आकडा वजा करावा लागतो.