राणीचा ओव्हरड्राफ्ट

कॅशिअरच्या मुलानं पुढे काय व्हावं, याबद्दल आपल्याकडे फारसे मतभेद नाहीत. त्यानं कॅशिअर व्हावं. फारच हुशार निघाला तर अकाउंटंट. झांझिबारला ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशिअर असलेल्या बोमी बलसारांचा मुलगा फारोख मात्र फ्रेडी मर्क्युरी झाला.

जन्म 1946चा. शाळेला धाडलं ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. आपण पाचगणीहून फार तर स्ट्रॉबेरी आणतो. हा ‘फ्रेडी’ हे नाव घेऊन गेला. तिथं पोरांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. त्यात हे चिरंजीव पियानोवर आणि मुख्य गायक दुसराच!

झांझिबारच्या क्रांतीनंतर, 1964 साली, कुटुंब इंग्लंडला गेलं. आर्ट कॉलेज झालं. मग लंडनच्या केन्सिंग्टन मार्केटात रॉजर टेलर या ड्रमवाल्याबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा टाकला. टेलर आणि गिटारवाला ब्रायन मे यांच्या ‘स्माइल’ बँडचा गायक 1970 साली सोडून गेला, तेव्हा हा आत शिरला. शिरल्या शिरल्या बँडला नाव दिलं ‘क्वीन’, स्वतःला आडनाव घेतलं मर्क्युरी, आणि पुढे चौघांच्या राशींची एक राजमुद्रा काढली: दोन सिंह, एक खेकडा आणि स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या. खात्यात शिल्लक शून्य, पण पासबुकावर शिक्का राणीचा!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. या गृहस्थानं आधी पाय पसरले आणि मग अंथरुणाची चौकशी सुरू केली. आता याला कोणी दिखाऊपणा म्हणेल. तेव्हाचे काही टीकाकार म्हणालेही. पण माझं म्हणणं असं, की तो दिखाऊपणा संगीताला चिकटवलेला नव्हता. संगीत त्यातूनच आलं.

पहिला अल्बम आला जुलै 1973मध्ये. ‘ट्रायडेंट’ स्टुडिओत पैसे भरणारं गिऱ्हाईक नसेल त्या वेळी, बऱ्याचदा रात्री-अपरात्री, तो ध्वनिमुद्रित केला. ऐकताना हे कळतं हो! पुन्हा दार उघडेल न उघडेल, या भीतीनं प्रत्येक गाण्यात सगळंच भरलंय. गिटारीवर गिटारी, गळ्यावर गळे. पंगतीत घाईला आलेल्या वाढप्यानं जिलबीवरच आमटी ओतावी, तसं. गिटार मात्र ऐकण्यासारखी. ब्रायननं वडिलांच्या मदतीनं ती घरीच बनवली होती, मानेला जुन्या शेकोटीचं लाकूड वापरून. 1974च्या दुसऱ्या अल्बममध्ये तर वाढपी दोन झाले: एक बाजू ‘पांढरी’, दुसरी ‘काळी’, आणि काळी सगळी फ्रेडीची.

मग त्याच वर्षी ‘किलर क्वीन’ आलं. तीन मिनिटांचं गाणं. सुरुवातीला नुसत्या चुटक्या, मग पियानो, आणि आवाज असा, की समोरच्या बाईची तारीफ चाललीय की टिंगल, हे शेवटपर्यंत कळू नये. थाट तोच, पण हिशेब पैन्‌पैचा. त्या अल्बमच्या वेळी ब्रायन आजारी होता; आधी कावीळ, मग अल्सर. बाकीच्या तिघांनी त्याच्या गिटारीसाठी जागा सोडून काम पुढे रेटलं. मला वाटतं, जागा सोडायची असते हे या बँडला त्या आजारपणानं शिकवलं. इंग्लंडच्या यादीत गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं.

लोक मात्र क्वीनची गोष्ट 1975च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पासून सांगतात. जवळजवळ सहा मिनिटं, मधे ऑपेरा, नऊ आठवडे पहिला क्रमांक. कबूल, मोठीच उडी. पण त्यातली गर्दी पहिल्या अल्बमसारखी अंगावर येत नाही. ऑपेरा संपून गिटार आत येते तो क्षण पाहा: किती वेळ तिला दाराबाहेर थांबवून ठेवलंय! 1973 साली हीच गिटार दार उघडायच्या आधीच आत येऊन, खुर्ची ओढून बसली असती.