'प्रूडन्स अँड द पिल' : गोळी आणि विश्वास

प्रणयविनोदी चित्रपटाचा परामर्श या पृष्ठांत घ्यावा काय, अशी शंका काही वाचकांस येईल. तथापि १९६८ साली पोप पौल सहावे यांचे 'ह्युमाने विते' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी हा ब्रिटिश चित्रपटही पडद्यावर आला. संततिनियमनाच्या गोळीने विवाहजीवनापुढे उभा केलेला प्रश्न दोहोंच्या मुळाशी आहे.

ह्यू मिल्स यांच्या कादंबरीवर आधारलेले कथानक थोडक्यात असे: लंडनमधील श्रीमंत जेराल्ड (डेव्हिड निव्हन) व त्याची पत्नी प्रूडन्स (डेबोरा कर) नावापुरतेच पतिपत्नी आहेत, दोघांचेही मन अन्यत्र गुंतलेले आहे. जेराल्डची तरुण पुतणी आईच्या गोळ्या पळवून त्यांच्या जागी अ‍ॅस्पिरिन ठेवते व आईस दिवस जातात. त्यावरून जेराल्डला युक्ती सुचते. पत्नीच्या गोळ्या बदलल्या, तर प्रियकरापासून तिला गर्भ राहील व व्यभिचाराचा पुरावा हाती येईल! १९६९ च्या सुधारणा कायद्यापूर्वी इंग्लंडमध्ये घटस्फोटासाठी जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागे, हे येथे ध्यानी घ्यावे.

प्रमुख नटनटींचा संयत अभिनय आनंददायक आहे. प्रतिष्ठितांचा दांभिकपणाही चित्रपट नेमका उघडा पाडतो. त्याबद्दल कुरकुर करण्याचे आम्हांस कारण नाही. पण नव्या नीतीचा डौल मिरवणारी ही कथा वस्तुतः जुनाच प्रहसनाचा साचा वापरते. पूर्वी चिठ्ठ्यांची अदलाबदल होई, आता गोळ्यांची होते. आमचा खरा आक्षेप निराळाच आहे. पत्नीच्या नकळत तिच्या देहाविषयी निर्णय घेतला जातो आणि प्रेक्षकाने त्यावर केवळ हसावे, अशी अपेक्षा असते. जन्मास येणारे बालक आधी पुरावा ठरते आणि शेवटी पाळण्यांच्या गर्दीत सर्व कपटावर पांघरूण घातले जाते.

संततिनियमनाच्या साधनांविषयी मंडळ्यांचे एकमत नाही. १९५८ च्या लॅम्बेथ परिषदेने अपत्यांच्या संख्येचा निर्णय मातापित्यांच्या सद्सद्विवेकावर सोपविला. रोमने कृत्रिम साधने निषिद्ध ठरविली. परंतु जोडीदाराची स्थिती व रास्त इच्छा डावलून लादलेला संबंध हे खरे प्रेम नव्हे, असे तेच परिपत्रक बजावते. लॅम्बेथची भूमिकाही उभयतांचा विचार गृहीत धरते. कपटाला दोन्हीकडे थारा नाही.

विवाहेच्छूंस शिक्षण देणाऱ्या पाळकांनी व धर्मशिक्षकांनी म्हणूनच गोळीच्या ग्राह्याग्राह्यतेवर थांबू नये. पतिपत्नी एकमेकांशी सत्य बोलतात काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे. चित्रपटाने तो हसण्यावारी नेला; आपणांस तसे करून चालणार नाही.