चार मिनिटांचा प्रश्न, वीस मिनिटांची नळी

'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांतला भेद गिल्बर्ट राइलने १९४५ साली मांडला. आज तो डॉक्टरांच्या परीक्षेला लावून पाहू.

आपल्याकडे महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करायची, त्यासाठी तीस श्रेयांक लागतात. ते मुख्यतः व्याख्यानं ऐकून मिळतात. म्हणजे तपासली जाते हजेरी. (हजेरीची किंमत मास्तरांना ठाऊक असतेच!) अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने २०२२ पासून निराळी वाट काढली. दर तिमाहीला तीस प्रश्न, घरबसल्या, एका प्रश्नाला चार मिनिटं. पुस्तक उघडा, पण दुसऱ्या कुणाला विचारू नका. बरोबर उत्तर काय, ते लगेच कळतं. आपल्या हजेरीपेक्षा हे मला प्रामाणिक वाटतं. जुनं शिकलेला डॉक्टर जुनंच औषध लिहीत राहतो, हे काही खोटं नाही.

पण ते घड्याळ मोजतं काय?

शहापूर-मुरबाडकडे या. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावतो. फारसं दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. ती पापणी डॉक्टरला दिसायला हवी, आणि दिसली की घाई हवीच. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर मात्र कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर सर्पदंशावरची लस सुरू. दाराशी नातेवाईक आरडाओरडा करत असले, तरी नळी हलवायची नाही.

आता हाच प्रश्न पडद्यावर टाका : 'किती मिनिटं थांबाल?' दहा सेकंदांत उत्तर येईल. थांबता येतं का, हे कुठे तपासलं? चार मिनिटांचा काच होतो तो शाळा मराठीत झालेल्या, इंग्रजी सावकाश वाचणाऱ्या साठीच्या डॉक्टरला. त्यांचा वाचनाचा वेग मोजून रोग्याचं काय भलं होणार?

आणि दुसऱ्याला विचारायचं नाही, ही अट तर मला अजिबात पटत नाही. आडगावच्या दवाखान्यातला शहाणा डॉक्टर अशा वेळी पहिल्यांदा ज्येष्ठाला फोन करतो, रोग्याला मोठ्या रुग्णालयात हलवायची तयारी ठेवतो. तो फोन म्हणजे कॉपी नव्हे, ते त्याचं ज्ञानच आहे. आपल्याकडे उद्या अशी परीक्षा आणायची झाली, तर फोन चालू ठेवू द्या, आणि मागच्या पावसाळ्यातल्या सर्पदंशाच्या केसपेपरांवर त्याला तासभर बोलतं करा.