‘आम्ही’ आणि ‘आपण’ : बायबलच्या सामूहिक वाचनातील एक भाषिक प्रश्न

भाषांतरित धर्मग्रंथाची परीक्षा सामान्यतः मूळ संहितेशी ताडून केली जाते. परंतु जो ग्रंथ चारचौघांत मोठ्याने वाचला जातो, त्याची दुसरी परीक्षा श्रोत्यांच्या कानांवर होत असते. एकट्या वाचकाच्या नजरेतून निसटणारे सर्वनाम मंडळात बसलेल्या श्रोत्यास थांबविते. ‘आपण’ हा शब्द उच्चारला जाताच त्यात आपला समावेश आहे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

श्रवणाची ही परंपरा मराठीत जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध असून ते श्रोत्यांसाठीच रचलेले आहे. मात्र ते कथन होय, भाषांतर नव्हे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनात छापून पूर्ण झाले. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशी सोपी भाषा हे त्यांचे धोरण होते. हे धोरण मोलाचे खरे. परंतु सोपेपणाने सुटत नाहीत असेही काही प्रश्न आहेत.

ग्रीक भाषेत उत्तमपुरुषी अनेकवचनासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत : ‘आम्ही’ ऐकणाऱ्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. त्यामुळे मूळ लेखकाने जो निर्णय केलाच नाही, तो मराठी भाषांतरकारास करावा लागतो. प्रभूच्या प्रार्थनेत अडचण नाही. प्रार्थना देवास उद्देशून असल्याने तेथे ‘आमचा’ हेच रूप योग्य ठरते. परंतु मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग घ्यावा. येशू नावेत निजलेला आहे. शिष्य त्यास उठवून, बुडण्याची वेळ आली तरी काळजी नाही काय, असे विचारतात. बुडणारे कोण? ‘आम्ही’ म्हटल्यास येशू संकटाबाहेर राहतो आणि वाक्य गाऱ्हाण्याचे होते. ‘आपण’ म्हटल्यास तोही त्याच नावेतला एक ठरतो. काळजी नसल्याचा आरोप पहिल्या अर्थास पोषक आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि वादळ शमल्यावर हा आहे तरी कोण, असा विस्मय शिष्यांस वाटतो. त्याचे सामर्थ्य त्यांना आधी ठाऊक नव्हते, असे त्यावरून दिसते. म्हणून ‘आपण’ हाच पर्याय अधिक सयुक्तिक होय.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. ‘बुडत आहोत’ आणि ‘बुडत आहात’ यांतील भेद क्रियापद दाखविते. ‘आपल्याला’ या रूपात तो आधार राहत नाही. एकाच वाक्यात दोन्ही अर्थ आले, तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होणारच. अशा ठिकाणी येशूसाठी ‘तुम्हांला’ म्हणणे आदरास थोडे उणे, पण अर्थास सुरक्षित ठरेल.

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात विशेष अर्थपूर्ण होतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे उद्योग वाढले, तसे नाना भाषांचे लोक येथे स्थायिक झाले. अशा वस्तीतील लहान वाचनमंडळात प्रत्येकाने आपापल्या भाषेतील प्रत उघडली, तर मल्याळम, तमिळ व तेलुगू वाचकांच्या भाषांतरकारांनाही मराठीप्रमाणेच निवड करावी लागलेली आढळेल. हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वी’ ती निवड झाकून ठेवतात. प्रती ताडून पाहता निर्णय भिन्न दिसले, तर तो कोणा एकाचा प्रमाद नसून मूळ वाक्यातील मोकळी जागा आहे, हे मंडळास उमगेल.

सामूहिक वाचनाचे समीक्षात्मक मूल्य यात आहे. भाषांतरकाराने एकांतात घेतलेला निर्णय ते पुन्हा विचारार्थ खुला करते. रमाबाईंनी श्रोत्यांस कळावे म्हणून भाषा सोपी केली. कळल्यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारावा, ही तिची पुढची पायरी होय. ‘आपण’ या शब्दात कोणाकोणास घ्यावयाचे, हे केवळ व्याकरण ठरवीत नाही. परंतु तो प्रश्न टाळू न देण्याचे काम मराठी व्याकरण निश्चितच करते.