पाठीला लागलेली माती : एका कुस्तीगिराच्या कारकिर्दीची परिभाषा

कुस्तीगिराविषयी मराठीत जे लेखन होते त्यात ‘वारसा’ हा शब्द फार लवकर येतो. वडील पैलवान असले की मुलाच्या यशाचे कारण शोधण्याचे श्रम वाचतात. ‘कुस्ती रक्तातच होती’ असे म्हटले की विवेचन संपते. स्तुती म्हणून हे विधान निरुपद्रवी असेल, परंतु स्पष्टीकरण म्हणून ते पोकळ आहे. दुसऱ्या पिढीच्या मल्लास पहिल्या पिढीकडून नेमके काय मिळते, आणि जे मिळते ते त्याच्या काळातील कुस्तीत कितपत चालते, हे प्रश्न त्यामुळे विचारलेच जात नाहीत. खेड तालुक्यातील राक्षेवाडीचे शिवराज राक्षे यांची कारकीर्द या प्रश्नांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

राक्षे यांच्या घरात आजोबांनी व वडिलांनीही कुस्ती केलेली होती. घर शेतीचे आणि दूधविक्रीचे. राजगुरुनगर-चाकणचा हा सारा पट्टा एके काळी बाजारपेठेचा आणि यात्रांच्या फडांचा म्हणून ओळखला जाई. आज तो मोटारींच्या कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. पिंपरी, भोसरी, चाकण या क्रमाने कारखाने पुढे सरकले, शेतजमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या. पण गावच्या यात्रेतील कुस्त्यांचा फड उठला नाही. अशा परिसरात वारसा म्हणजे रक्त नव्हे. वारसा म्हणजे खुराक, वेळ आणि मुभा. दुधाचा धंदा असलेल्या घरात विकावयाचे दूध आणि मुलाला पाजावयाचे दूध एकाच चरवीतून निघते. त्यातले किती कोणाकडे जावे हा निर्णय बापाचा असतो. ज्याने स्वतः लांग चढविलेली असते, तो हा निर्णय मुलाच्या बाजूने घेतो. मुलगा कमावता होण्याच्या वयात तालमीत राहतो, याचा अर्थ घराने तेवढी मजुरी सोडून दिलेली असते. वारशाचा हा हिशेब गौरवलेखांत सहसा मांडला जात नाही.

वारशाचे दुसरे अंग भाषिक आहे. बापाकडून मुलाकडे डाव येतात ते नावांसह येतात : ढाक, कलाजंग, घिस्सा, झोळी, बाहेरची टांग, एकलंगी. या नावांबरोबर जयपराजयाची एक संपूर्ण कल्पनाही येते. ‘आसमान दाखविणे’, ‘लोळविणे’, ‘पाठ टेकविणे’, ‘पाठीला माती लागणे’ हे वाक्प्रचार त्या कल्पनेचे वाहक होत. हिंदीत ‘चित’ म्हणजे उताणा आणि ‘पट’ म्हणजे पालथा असा विरोध आहे. मराठी पैलवानी बोलीत ‘चितपट’ हा जोडशब्द पूर्ण पराभव या एकाच अर्थी स्थिरावला. या सर्व शब्दप्रयोगांत पराभवाचा पुरावा पराभूताच्या देहावरच असतो. आसमान त्याने पाहिलेले असते, माती त्याच्या पाठीला लागलेली असते. अर्थात् हौद्यात दोघेही मातीने माखलेले असतात आणि तेथेही भांडणे होत असत. परंतु निकालाचा साक्षीदार म्हणून भोवतालचा फड उभा असे, आणि निकाल लागला नाही तर कुस्ती ‘बरोबरीत सोडविण्याची’ सोय भाषेतच होती.

दुसऱ्या पिढीपुढे आलेली कुस्ती मात्र निराळी आहे. १९६१ साली औरंगाबाद येथे दिनकर दह्यारी यांना पहिला महाराष्ट्र केसरी किताब मिळाला. आज या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात आणि दोहोंच्या विजेत्यांत किताबाची लढत होते. पुण्यात अर्जुन पुरस्कारप्राप्त काका पवार यांच्या तालमीत तयार झालेले राक्षे हे गादीवरचे मल्ल. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूड येथे त्यांनी गादी विभागात हर्षवर्धन सदगीर यांना हरविले आणि अंतिम लढतीत माती विभागाचे विजेते महेंद्र गायकवाड यांच्यावर एका मिनिटाच्या आत विजय मिळविला. गदेबरोबर पाच लाख रुपये आणि मोटार मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगाव येथे ते पुन्हा गादी विभागातून अंतिम लढतीत आले. तेथे माती विभागाचे सिकंदर शेख यांनी त्यांना अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर पाडले. शेख यांचे वडीलही पैलवान होते. म्हणजे पैलवानाच्या एका मुलाने गादीवरून आणि दुसऱ्याने मातीवरून येऊन वारशाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे केले. त्याच महिन्यात धाराशिव येथे दुसऱ्या संघटनेने भरविलेल्या स्पर्धेत राक्षे यांनी सदगीर यांना हरवून पुन्हा महाराष्ट्र केसरी किताब घेतला. एकाच महिन्यात एकच शब्द दोन मल्लांना लागू झाला. दादू चौगुले यांनी १९७० व १९७१ साली हा किताब मिळविला आणि पुढे त्यांचे पुत्र विनोद चौगुले यांनीही तो मिळविला, तेव्हा पितापुत्रांची तुलना करता येत होती, कारण शब्दाचा अर्थ एक होता. राक्षे यांच्या पिढीला ती निश्चितता लाभली नाही.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे जे घडले ते या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत मुळशी तालुक्यातील मुठ्याचे पृथ्वीराज मोहोळ हे राक्षे यांचे प्रतिस्पर्धी होते. तेही कुस्तीगीर घराण्यातले. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. पाठ टेकलीच नव्हती, असे राक्षे यांचे म्हणणे होते. त्यांनी चित्रफितीवरून फेरतपासणीची मागणी केली. वाद वाढला आणि त्यांनी पंचाची गच्ची धरून लाथ मारली. मोहोळ पुढे महाराष्ट्र केसरी झाले. राक्षे यांच्यावर, आणि अंतिम लढत अर्धवट सोडणाऱ्या गायकवाड यांच्यावरही, तीन वर्षांच्या बंदीचा निर्णय झाला.

या प्रसंगावर दोन सोपी भाष्ये झाली. एक असे की, मातीत वाढलेल्या रांगड्या मुलास गादीचे नियम पचले नाहीत. हे भाष्य वस्तुस्थितीस धरून नाही. राक्षे यांची सारी प्रतिष्ठा गादीवर मिळविलेली होती, आणि फेरतपासणीची मागणी ही गादीच्याच नियमभाषेतील मागणी होती. उलट मातीचा विभागही आता गुणांचीच भाषा बोलतो. २०२३ च्या कोथरूडच्या स्पर्धेत मोठा वाद झाला तो माती विभागात : गायकवाड यांनी शेख यांच्यावर टाकलेल्या बाहेरच्या टांगेस चार गुण द्यावयाचे की दोन, असा. डावाचे नाव जुने, त्याचे मोल मात्र अंकांत ठरावयाचे. तेव्हा माती आणि गादी यांचा विरोध स्थळाचा राहिलेला नाही. तो दोन परिभाषांचा आहे, आणि दोन्ही परिभाषा एकाच मल्लाच्या तोंडी आहेत.

दुसरे भाष्य असे की, अन्याय झाला म्हणून हात उचलला गेला. हेही मान्य करता येत नाही. जेथे निर्णयाविरुद्ध बोलण्यास शब्द आहेत तेथे लाथ हा युक्तिवाद होऊ शकत नाही. तालमीतील शिस्तीचा तो भंगच होय, आणि वस्तादापुढे मान लवविण्याची जी रीत घराने शिकविली तिचाही. परंतु कृत्याचा निषेध करून परिभाषेचा प्रश्न मिटत नाही. गादीवर ‘चितपट’ म्हणजे दोन्ही खांदे टेकलेल्या स्थितीत प्रतिस्पर्ध्यावरील पूर्ण ताबा पंचास स्पष्ट दिसणे. येथे पुरावा देहावर नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीत आहे. गादी पाठीवर काहीच ठेवीत नाही. मराठी वृत्तलेखन मात्र याही घटनेस तोच जुना शब्द वापरते, आणि वाचक पाठीला लागलेली माती शोधू लागतो. ती नसते, मग पंच लबाड तरी ठरतो किंवा मल्ल उद्दाम तरी. कित्येकदा गुणांवर मिळालेला विजयही मथळ्यात ‘चितपट’ होऊन येतो, तेव्हा गोंधळ पुरा होतो.

येथे टीकेचे काम मल्लाची बाजू घेण्याचे नाही, पंचाचीही नाही. चितपट, गुणांवरील विजय आणि मोठ्या गुणफरकाने थांबविलेली लढत हे तीन निकाल मराठीत तीन वेगळ्या शब्दांनी सांगणे ही किमान अपेक्षा आहे. ती पुरी न होण्याची किंमत क्रीडापत्रकारितेला द्यावी लागत नाही, ती कुस्तीगिराला द्यावी लागते. मल्लाच्या उमेदीची वर्षे मोजकीच असतात. त्यांतील तीन वर्षे म्हणजे घराने सोडून दिलेल्या मजुरीची आणि न विकलेल्या दुधाची तीन वर्षे. ‘रक्तात कुस्ती’ म्हणणाऱ्या लेखनास ही किंमत दिसत नाही, कारण रक्तास दाम पडत नाही. वारसा हा शब्द ठेवावयाचाच असेल, तर त्याने आजोबा, वडील आणि मुलगा यांच्यातील साम्याइतकाच त्यांच्यातील भेदही सांगितला पाहिजे : डावांची नावे तीन पिढ्यांत तीच राहिली, निवाड्याचा अर्थ बदलला.